इतर

फॉर्मवर रकाने सात :
मोटार, दुचाकी, रिक्षा, बस, ट्रक,
बैलगाडी,
आणि शेवटी, बोटभर रुंदीचा, इतर.

दिवसाला साडेतीनशे रुपये, चहा ज्याचा त्याने.
जळगावात, अजिंठा चौफुलीच्या अलीकडे, निंबाखाली,
प्लास्टिकच्या खुर्चीत मी पहाटे साडेपाचला,
तोंडाला रुमाल, मांडीवर पॅड.
फिरके साहेब म्हणाले होते,
सायकली आता चालवतं कोण?
आल्याच एखाद-दोन, तर टाका इतरमध्ये.

पावणेसहाला चटईच्या कारखान्याचा भोंगा झाला
आणि इतर यायला लागले.

हँडलला डबा, डब्यात कळण्याची भाकरी.
रात्रपाळी करून परतणारे डाळमिलवाले,
भुवयांवर पिवळा भुसा.
कॅरिअरवर शिडी आडवी बांधलेला रंगारी,
त्याच्यापुढे सगळे वाकून.
केळीचा ट्रक आणि रस्त्याची कड
यांच्यामधल्या वीतभर जागेतून,
जिथे डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो.
हॉर्न वाजला की खाली मुरमात,
ट्रक गेला की पुन्हा वर.
कोण किती वेळा उतरतं तेही मी मोजून पाहिलं.
त्याला तर कुठलाच रकाना नव्हता.

चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
साडेआठला इतर भरला.
मग मी समासात शिरले,
समास भरल्यावर कागदाच्या पाठीवर.
बैलगाडीचा रकाना तेवढा ऐसपैस, कोरा,
दिवसभरात त्यातून एक बैल गेला नाही.
दुसऱ्या दिवशी तो शब्द खोडला
आणि वर लिहिलं, सायकल.

सुपडू रोज सहा दहाला.
एक पाय टेकवून थांबायचा,
‘मन्ही सायकल लिखी का व, बाई?’
लिहिली.
‘दाखाड.’
मी रेघ दाखवायचे. तो तिच्याकडे बघायचा,
मतदार यादीत आपलं नाव सापडल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी तीन मुली, शाळेतून मिळालेल्या सायकलींवर,
रस्ताभर पसरून गप्पा.
मागून टँकर.
तिघी एकामागे एक झाल्या,
पुढचीचं वाक्य अर्ध्यात राहिलं.
शेवटची धुळीतून ओरडत होती,
मग? मग काय झालं?

सातव्या दिवशी सुपडू आला नाही.
पाळी बदलली असेल. साळ्याचं लग्न असेल.
चहावाल्याला विचारलं नाही,
त्याने सांगितलं असतं.
सहा दहाला मी रेघ ओढली.
एकूण बेरजेत तेवढी एक खोटी आहे, साहेब,
बाकी सगळ्या माणसं होती.

फिरके साहेबांनी बेरीज दोनदा केली,
मग मोबाईलवर एकदा.
काही बोलले नाहीत. टेप घेऊन आले,
कडेपासून आत दोन मीटर मोजले
आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले,
ट्रक त्यांच्या शर्टाला वारा घालत गेले.

दीड वर्षाने ठोकळे बसले, सिमेंटचे, गुडघ्याएवढे.
चौफुलीपासून विजेच्या डीपीपर्यंत. तिथे संपतात.
डीपी कुणी हलवायची
याचं पत्र कुठल्याशा टेबलावर आहे.
दोन ठोकळे कुणीतरी उपटले, आत कुल्फीची गाडी लागली.
मी भांडले.
आता मी दिसले की तो गाडी मागे घेतो
आणि मला कुल्फी देत नाही.

काल दोन मुली गेल्या, त्या नव्हेत, दुसऱ्याच,
ठोकळ्यांच्या आतून, शेजारी शेजारी,
एकीचा हात हँडलवर, दुसरा हवेत, गोष्ट सांगणारा.
पलीकडून टँकर गेला, हॉर्न देत, सवयीने.
हात खाली आला नाही.

पुढे डीपी.
तिथवर गोष्ट पुरी झाली असेल का,
मला इथून ऐकू येत नाही.